गेमची चावी कुणाच्या खिशात? डिस्क आणि डाउनलोड घेण्यापूर्वी बडोदेकर नवख्यांसाठी

कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे मशीन) घरात आला की आठवड्याभरात वाद सुरू होतो: गेम डिस्कवर घ्यायचा की डाउनलोड करायचा? आई म्हणते, पाच हजार मोजून हातात काहीच येणार नसेल तर घेऊ नकोस. मुलगा म्हणतो, डिस्क आता कोण वापरतं! दोघांचेही अर्धे बरोबर आहे. पण पैसे देण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. गेम सुरू होताना मशीन परवानगी कुणाकडे मागते? चावी कुणाच्या खिशात आहे?

उत्तरे चारच निघतात.

चावी डिस्कमध्ये किंवा (निन्टेंडो स्विचच्या) कार्डात असू शकते. पीएस-४, पीएस-५ (प्लेस्टेशन ४ आणि ५) आणि एक्सबॉक्सच्या डिस्कवरचा डेटा आधी कन्सोलच्या आतल्या साठवणीच्या ड्राइव्हवर उतरतो आणि गेम तिथूनच चालतो. डिस्क फक्त 'मालक हजर आहे' एवढे सांगायला आत बसते. म्हणून डिस्क घेतल्याने कन्सोलमधली जागा वाचत नाही. नव्यांचा हा सर्वांत मोठा गैरसमज. वाचते ते डाउनलोड, आणि डिस्क विकता येते, मामेभावाला उसनी देता येते.

चावी अकाउंटमध्ये असू शकते. प्लेस्टेशन स्टोअर, एक्सबॉक्स, स्टीम (पीसी गेमचे ऑनलाइन दुकान) यांवर जे 'विकत' मिळते तो वापराचा परवाना असतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरायच्या पानावरच तसे लिहून देतो. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही दुकानांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे. हा परवाना विकता येत नाही.

चावी कंपनीच्या सर्व्हरवर असू शकते. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. डाउनलोडवाल्यांचा गेला आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही गेला. एकट्याने खेळायच्या भागालाही सर्व्हर लागत होता. त्यामुळे डिस्क म्हणजे मालकी, हे वाक्य आंधळेपणाने घेऊ नये.

चौथ्या प्रकारात कुलूपच नसते. जीओजी या दुकानातल्या पीसी गेमचे इन्स्टॉलर (गेम बसवणाऱ्या फाइली) उतरवून ड्राइव्हवर ठेवता येतात आणि नंतर इंटरनेट नसतानाही बसवता येतात.

आता कामाला लागू.

पायरी १ : आपले मशीन काय खाते ते पाहा

हे दोन मिनिटांचे काम आहे, पण टाळले तर फटका मोठा बसतो. पीएस-५ डिजिटल एडिशन आणि एक्सबॉक्स सीरिज एस यांना डिस्क ड्राइव्ह नसतो. घरात पीएस-४ च्या पंधरा डिस्क असतील आणि पैसे वाचवायला डिजिटल एडिशन घेतला, तर त्या पंधराही डिस्क शोभेच्या. पीएस-४ च्या डिस्कवर पीएस-५ ची सुधारित आवृत्ती मिळत असली, तरी दर वेळी ती डिस्क आत लागतेच.

नोव्हेंबर २०२३ नंतरच्या सडपातळ पीएस-५ च्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. मात्र पहिल्यांदा जोडताना कन्सोल इंटरनेटवरून त्या ड्राइव्हची नोंद करतो. नेट आलेले नसेल त्या नव्या फ्लॅटमध्ये हा जोडणीचा बेत आखू नका.

डिस्कची क्षमता डोक्यात असू द्या: सीडी ७०० एमबी, डीव्हीडी ४.७ किंवा ८.५ जीबी, ब्लू-रे २५ किंवा ५० जीबी, अल्ट्रा एचडी ब्लू-रे ६६ किंवा १०० जीबी. पीएस-१ सीडीवर, पीएस-२ मुख्यतः डीव्हीडीवर, पीएस-३ आणि पीएस-४ ब्लू-रेवर, पीएस-५ शेवटच्या प्रकारावर चालतो. १०० जीबीत न मावणारा गेम दोन डिस्कवर येतो, एक 'डेटा' आणि एक 'प्ले'. बसवायला दोन्ही लागतात, खेळायला फक्त प्ले डिस्क. जुना गेम घेताना खोक्यात एकच डिस्क निघाली आणि ती नीट दिसत असली, तरी दुसरी कुठे आहे हे विचाराच.

पायरी २ : खोके उलटे करून वाचा

पुढच्या बाजूचे चित्र सोडा. मागे किंवा खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. 'इंटरनेट आवश्यक' किंवा 'अतिरिक्त डाउनलोड आवश्यक' असे असेल तर डिस्कवर पूर्ण गेम नाही. एक्सबॉक्स ३६० ची डिस्क नव्या एक्सबॉक्समध्ये घातली तर कन्सोल तिच्यावरचा डेटा वापरतच नाही. सगळा गेम नेटवरून उतरतो, डिस्क फक्त चावी.

निन्टेंडो स्विच २ (जून २०२५) मध्ये हीच गोष्ट उघडपणे आली. 'गेम-की कार्ड' असे खोक्यावर छापलेले असेल तर कार्डात गेम नाही. पहिल्यांदा नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत ठेवायचे. असे कार्ड पुढे विकता येते, पण डाउनलोडचा सर्व्हर जिवंत असेपर्यंतच त्याला किंमत. आपल्याकडे स्विच बहुतेक आयात होऊन येतो, त्यामुळे दुकानदारालाही हा फरक ठाऊक असेलच असे नाही. वाचायचे काम आपले. जाता जाता: स्विचच्या कार्डाला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. जीभ लावून खात्री करायची गरज नाही.

पीसीच्या जुन्या खोक्यांचा प्रश्न वेगळा. आत डीव्हीडी असली तरी खरी चावी कागदावरच्या कोडात असते आणि तो कोड एकदाच चालतो. वापरलेल्या कोडाचे खोके म्हणजे रिकामे खोके. त्याहून जुन्या, सेफडिस्क नावाचे कुलूप असलेल्या सीडींना विंडोज १० पासून आधारच नाही. डिस्कवर एक ओरखडा नाही, तरी गेम सुरू होत नाही, कारण कुलूप उघडणारा भागच विंडोजमधून काढून टाकला आहे.

पायरी ३ : अमेरिकेतून येणारी डिस्क

बडोद्यात हा मुद्दा स्वतंत्र पायरीचा आहे, कारण दर घराआड कुणीतरी न्यू जर्सीला असते आणि डिसेंबरमध्ये बॅगेतून गेम आणते. पीएस-४ आणि पीएस-५ च्या डिस्कना प्रदेशाचे बंधन नाही, अमेरिकन डिस्क इथे बिनदिक्कत चालते. अडते ते नंतर. त्या गेमचा जोडभाग, म्हणजे डीएलसी, डिस्कच्या प्रदेशाशी जुळावा लागतो. भारतीय अकाउंटवरून घेतलेला डीएलसी अमेरिकन डिस्कला ओळख दाखवत नाही. पैसे जातात, नकाशे उघडत नाहीत, आणि स्टोअरच्या मते तुम्ही बरोबर वस्तूच घेतलेली असते.

म्हणून खोक्याच्या कण्यावरचा कोड पाहा. पीएस-४ ला 'सीयूएसए' आणि पाच आकडे, पीएस-५ ला 'पीपीएसए' आणि पाच आकडे. एकाच गेमचे प्रत्येक प्रदेशात आकडे वेगळे असतात. ज्या गेमचे जोडभाग पुढे घ्यायचे आहेत तो इथल्याच दुकानातून घ्या. ज्याचे काहीच घ्यायचे नाही तो काकांना खुशाल आणायला सांगा. गिफ्ट कार्ड मात्र आणायला सांगू नका. अमेरिकन कार्ड भारतीय अकाउंटवर चढत नाही. अकाउंट उघडतानाच देश भारत निवडा, नंतर बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

पायरी ४ : जुनी डिस्क घेताना

रावपुऱ्यातल्या काउंटरवर घ्या, सयाजीगंजात कॉलेजच्या पोराकडून घ्या की फोनवर जाहिरात पाहून, विकणारा 'एकदम चोख्खी छे' म्हणणारच. तपासणी स्वतः करायची. पाच मिनिटे आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो.

डिस्क कडेने आणि मधल्या भोकाने धरा. खालच्या बाजूवर टॉर्च तिरपा पाडा, समोरून नाही. समोरून सगळे चकाचक दिसते. डिस्कवरचा डेटा चकलीसारख्या एकाच सलग रेघेत मधून बाहेर जातो. मधून कडेकडे सरळ गेलेला ओरखडा ती रेघ प्रत्येक वेढ्यात क्षणभरच कापतो, आणि तेवढे चुकलेले अंक भरून काढायची सोय डिस्कच्या रचनेतच असते. गोलाकार ओरखडा त्या रेघेवरूनच धावतो आणि सलग डेटा खातो. तो अगदी पुसट असला तरी जास्त वाईट. कन्सोल हलवला आणि डिस्क आत फिरत होती, की असाच पूर्ण वर्तुळाचा चरा पडतो.

मग मधल्या भोकाभोवती नखाएवढी भेग आहे का पाहा. असेल तर घेऊ नका आणि ड्राइव्हमध्ये तर मुळीच घालू नका. फिरताना ती वाढते.

सीडी असेल तर छापलेली बाजू जास्त नाजूक. तिन्ही प्रकारांची जाडी १.२ मिमीच, पण डेटाचा थर वेगवेगळ्या जागी असतो. सीडीत तो वरच्या छपाईच्या लगेच खाली, डीव्हीडीत बरोबर मध्ये ०.६ मिमीवर, ब्लू-रेत खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमीवर. म्हणून सीडी प्रकाशासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे लुकलुकली तर वरचा थर गेला, त्याला उपाय नाही. सीडी-डीव्हीडीचा खालचा ओरखडा मशीनवर घासून काढता येतो. ब्लू-रेवर तसे कुणी करून देतो म्हणाला तर डिस्क उचला आणि घरी या. ०.१ मिमीत घासायला काही उरत नाही, आणि वरचा कठीण लेप गेला की राहिलेलीही बाद. टूथपेस्टचा घरगुती इलाज याच कारणाने बंद.

पीएस-१ आणि पीएस-२ घेणाऱ्यांसाठी: पीएस-१ ची खरी डिस्क खालून काळी असते. पीएस-२ ची खरी सीडी निळी, खरी डीव्हीडी चंदेरी. जांभळट झाक दिसली तर ती घरी बर्न केलेली. अशी डिस्क साध्या कन्सोलवर चालणार नाही, आणि बर्न केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन-उष्म्याने वर्षागणिक विटतो.

शेवटी चालवून पाहणे. इथे बहुतेक जण फसतात. मेन्यू आला, संगीत वाजले, पैसे दिले. पण गेम पूर्ण उतरण्याआधीच पहिला भाग खेळता येतो. खराब जागा ७०-८० टक्क्यांवर असेल तर मेन्यू काहीच सांगत नाही. क्रम असा ठेवा:

१. कन्सोलचे इंटरनेट बंद करा.
२. तो गेम आधीच बसवलेला असेल तर पुसा, नाहीतर डिस्क वाचलीच जाणार नाही.
३. डिस्क घाला आणि १०० टक्के कॉपी होईपर्यंत थांबा. ५० जीबीला साधारण अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात शेव-उसळ खाऊन होते.
४. नेट बंद असतानाच गेम सुरू करून पहिला टप्पा खेळा.

या एका चाचणीत दोन उत्तरे मिळतात: डिस्क पूर्ण वाचली जाते का, आणि डिस्कवर खरोखर गेम आहे का. विकणारा थांबायला तयार नसेल तर 'दोन दिवसांत परत' असे चॅटवर लिहून घ्या. खोक्यातला डीएलसीचा कागद वापरलेलाच असतो असे धरून भाव करा.

पुसताना चष्म्याचे मऊ फडके, आणि हात मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसणे म्हणजे वर सांगितलेला सर्वांत वाईट ओरखडा आपल्या हाताने पाडणे.

कॅसेटवाल्यांसाठी थोडक्यात. नव्वदीतल्या टीव्ही गेमची काळी-पिवळी कॅसेट फुंकर मारून चालू व्हायची, हे खरे. ती पुन्हा घातल्यामुळे चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. ९० टक्क्यांच्या वरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसावर घ्या, पिना पुसा, दहा मिनिटे वाळू द्या. '९९९९-इन-१' कॅसेटच्या आत काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप असते, ती मेली तर दुरुस्ती नाही. त्यात ९९९९ गेम नव्हतेच, हे एव्हाना सगळ्यांना कळले आहे. गेम बॉयच्या अस्सल कॅसेटमध्ये जतन केलेला खेळ नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर जगतो. सेल बदलला की जुना सेव्ह जातो, हे विकत घेण्याआधी माहीत असावे.

पायरी ५ : डिजिटल घेताना

सर्वांत आधी, स्वस्तातला 'प्रायमरी अकाउंट' घेऊ नका. पाच हजारांचा गेम दीड हजारात देतो म्हणणारा माणूस तुम्हाला गेम विकत नसतो. तो स्वतःच्या अकाउंटचा पासवर्ड देतो, तुमच्या कन्सोलवर ते अकाउंट मुख्य म्हणून नोंदवायला सांगतो आणि तोच पासवर्ड आणखी कुणाला तरी विकतो. सुरुवातीचे काही महिने सगळे सुरळीत चालते. मग तो ईमेलवरून पासवर्ड बदलतो किंवा सगळ्या कन्सोलची नोंदणी एकदम रद्द करतो, आणि गेमवर कुलपाचे चिन्ह येते. नियमबाह्य व्यवहार असल्याने कंपनीकडे दाद मागायची सोय नाही. 'वीस गेमसकट' जुना कन्सोल विकणाऱ्याचे वीस गेमही बहुधा असेच त्याच्या अकाउंटवरचे असतात. कन्सोलची किंमत शून्य गेम धरून ठरवा, त्याच्यासमोर पूर्ण रीसेट मारा आणि मग पैसे द्या.

स्वतःचे अकाउंट उघडताना:

कायम राहील असा ईमेल द्या, कॉलेजचा नको. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि त्यात मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. सिम बदलल्यावर तेच उपयोगी पडतात.

पीएस-५ च्या सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' घरच्या कन्सोलवर चालू ठेवा. त्याने नेट गेले तरी तुमचे डिजिटल गेम चालतात आणि घरातली दुसरी मंडळी आपापल्या नावाने तेच गेम खेळू शकतात. स्टीमवर कुटुंब म्हणून सहा जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात. पण भाच्याने तुमच्या प्रतीवर फसवेगिरी करून बंदी ओढवली तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी येते. त्यामुळे कुटुंबात कुणाला घ्यायचे ते घरच्या नात्यावर ठरवू नका, पोराच्या लक्षणांवर ठरवा.

परताव्याचे नियम पाठ असावेत. स्टीम: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. प्लेस्टेशन स्टोअर: १४ दिवस, पण डाउनलोड सुरू झाले की हक्क संपतो. आणि कन्सोल खरेदीबरोबर आपोआप डाउनलोड सुरू करतो! मनात शंका असेल तर आपोआप डाउनलोड बंद करून मगच पैसे भरा.

महिन्याच्या वर्गणीतून मिळणारे गेम तुमच्याकडे वर्गणीपुरतेच. वाचनालयाचे पुस्तक कपाटात लावून आपले म्हणत नाही, तसेच. आणि दुकाने बंद होतात: निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलचे दुकान २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चे २९ जुलै २०२४ ला नव्या खरेदीसाठी बंद झाले. आधी घेतलेले गेम तेव्हा लगेच नाहीसे झाले नाहीत, पुन्हा उतरवता येत राहिले. तरी जुन्या कन्सोलवर काही घेऊन ठेवले असेल तर ते आजच उतरवून ठेवा.

किमतीचा हिशेब करताना छापील भाव बघू नका, शेवटी किती अडकले ते बघा. समजा डिस्क ५,००० ला घेतली, महिन्यात गेम संपला आणि ३,००० ला विकली: खर्च २,०००. तोच गेम डिजिटल सेलमध्ये वर्षाने निम्म्या किमतीत आला तर २,५००, आणि कायम अकाउंटवर. एकदा खेळून सोडायचे कथेचे गेम डिस्कवर घ्यावेत, वर्षभर रोज उघडायचा क्रिकेट-फुटबॉल डिजिटल घ्यावा, असे आमचे मत. रोज उठून डिस्क बदलायचा कंटाळा खेळापेक्षा मोठा होतो.

पायरी ६ : जागा आणि डाउनलोड

खोक्यावरची १ टीबी तुम्हाला पूर्ण मिळत नाही. पहिल्या पीएस-५ मध्ये ८२५ पैकी ६६७ जीबी वापरता येते, एक्सबॉक्स सीरिज एसच्या ५१२ पैकी ३६४. मोठे गेम ५० ते १५० जीबीचे. म्हणजे एस मध्ये चार-पाच गेम झाले की पुसापुशी सुरू.

१०० जीबी उतरायला ५० एमबीपीएसच्या लाइनवर सुमारे साडेचार तास, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. बऱ्याच 'अनलिमिटेड' फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, ती घरात पुरते. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर मात्र याच गेमला ५० दिवस लागतील. अशा घरात डिस्कच घ्या.

यूएसबी हार्ड डिस्क पीएस-५ ला जोडली तर पीएस-४ चे गेम तिच्यावरून चालतात. पीएस-५ चे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात. तरी पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा ते बरे. जोडताना कन्सोल ती फॉरमॅट करतो, म्हणजे त्यावरचे लग्नाचे फोटो गेले. आधी रिकामी करा.

आत जागा वाढवायची तर एम.२ एसएसडी (चपट्या पट्टीसारखा वेगवान ड्राइव्ह). अट: पीसीआयई जेन ४, २५० जीबी ते ८ टीबी, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा वर, हीटसिंकसकट (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिमीच्या आत. दिसायला अगदी तशीच साटा एम.२ स्वस्तात मिळते, ती चालत नाही; जेन ३ ही नाही. बसवताना सिस्टिम अपडेट करा, कन्सोल पूर्ण बंद करा (झोपेत ठेवू नका), वायर काढा, थंड होऊ द्या. बाजूचे झाकण सरकवून काढा, खाचेवरच्या पत्र्याचा स्क्रू काढा. आतला छोटा गोल आधार एसएसडीच्या लांबीच्या भोकात हलवा, बहुतेकांची ८० मिमी. एसएसडी तिरपी घालून दाबा, स्क्रू लावा. सुरू केल्यावर कन्सोल फॉरमॅट करू का विचारतो. काहीच विचारले नाही तर दहातल्या नऊ वेळा एसएसडी खाचेत पूर्ण गेलेली नसते.

सेव्ह कुठे राहतात हेही आत्ताच बघा. डिस्क विकली तरी सेव्ह कन्सोलमध्येच राहतो. पीएस-४ चे सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येतात. पीएस-५ च्या गेमचे घेता येत नाहीत. वर्गणीचा क्लाउड किंवा कन्सोलवरून कन्सोलवर हस्तांतर, एवढेच. एक्सबॉक्समध्ये क्लाउड सेव्ह फुकट.

पायरी ७ : प्रत करून ठेवणे

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वैध मालकाला संगणक प्रोग्रॅमची प्रत, नष्ट होण्यापासून संरक्षण एवढ्याच हेतूने, काढता येते. ती विकायची नाही, वाटायची नाही, आणि कुलूप फोडणे हा वेगळा विषय आहे, त्यात पडू नका.

डेटा डीव्हीडीची प्रत आयएसओ फाइलमध्ये होते. जुन्या सीडीवर गाण्यांचे ट्रॅक असतील तर आयएसओ अपुरी पडते, गेम चालतो पण मुका. तिथे बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडी घ्या आणि दोन्ही एकत्र ठेवा.

जीओजीचे मोठे इन्स्टॉलर ४ जीबीच्या तुकड्यांत येतात. एक तुकडा राहिला तर सगळे फुकट, म्हणून एका गेमला एक फोल्डर. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे ड्राइव्हवर जागा असूनही मोठी आयएसओ कॉपी होत नाही. कॉपी झाल्यावर सेव्हन-झिपच्या उजव्या क्लिकमधून दोन्हीकडचे एसएचए-२५६ आकडे (फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड) जुळवा.

ठेवायला हार्ड डिस्क घ्या. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. बाजारात ५०० रुपयांत मिळणारा २ टीबीचा पेन ड्राइव्ह खोटा असतो. भरेपर्यंत कळत नाही, मग जुन्या फाइलींवरच नव्या लिहिल्या जातात. दोन प्रती करा. दुसरी वेगळ्या घरी, आणि शक्यतो वरच्या मजल्यावर.

पायरी ८ : पावसाळा आणि विश्वामित्री

वरचा मजला का, ते बडोद्यात सांगावे लागू नये. ३१ जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ ला नदी मगरींसकट सोसायट्यांत आली होती. तळमजल्यावर राहत असाल तर डिस्क, कॅसेटी आणि ड्राइव्ह टीव्हीखालच्या कप्प्यात न ठेवता माळ्याखालच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवा. माळ्यावर नको, मे महिन्यात छताखाली डिस्क भाजतात. गाडीच्या डॅशबोर्डवर तर एका दुपारीच वाकतात.

रोजचा शत्रू ओलावा. खोक्यातल्या कागदावर आधी तपकिरी ठिपके येतात, मग बुरशी डिस्कच्या कडेने आत शिरते. रबरी कड असलेला धान्याचा हवाबंद डबा घ्या, डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या लावा, वीस लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेलची एक-दोन पाकिटे टाका. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवला तर अंदाज बांधावा लागत नाही: ४० ते ५० टक्के चांगले, ६० च्या वर गेले की जेल बदला. नारिंगी दाणे हिरवे पडले म्हणजे ओलावा भरला. पसरट थाळीत १२० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये तापवा, रंग परततो. कागदी पाकीट असेल तर दाणे आधी बाहेर काढा.

पाणी शिरलेच तर डिस्क घाबरायची गोष्ट नाही. साध्या नळाखाली गाळ वाहू द्या, चोळू नका. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने शेवटची धुलाई, आणि पंख्याखाली उभ्या वाळवा, उन्हात नाही. कॅसेट उघडून अल्कोहोलने धुवा आणि दोन दिवस कन्सोलमध्ये घालू नका. बुडालेली हार्ड डिस्क 'चालते का बघू' म्हणून लावू नका. आतल्या चकतीवर गाळ असेल तर पहिल्याच फेरीत डेटा खरवडला जातो. ती तशीच बंद ठेवून डेटा काढणाऱ्याकडे न्या, आणि कन्सोल बुडाला असेल तर तो आतून पूर्ण वाळेपर्यंत प्लगला हात लावू नका.